आईच्या रकान्यातला अंगठा

पाळणाघराच्या दारात पोर हातात घेतलं की जुलेखाआपा आधी त्याची टाळू हुंगायच्या. आई अजून पदर सावरत उभी असायची, तोवर आपा निकाल देऊन मोकळ्या. "याला राती ताप व्हता." "हिनं सकाळपासून काय खाल्लं नाय." "काल मामाच्या घरी गेलती ना ही? चुलीचा धूर हाय केसांत." बायका ओशाळून खाली बघायच्या, कारण बहुतेक वेळा ते खरं असायचं. मी पहिल्यांदा तपासणीला गेले तेव्हा मला हा प्रकार फार अस्वच्छ वाटला. मी नवी होते, शेरे लिहायची हौस होती. शेरेबुकात लिहिलं: 'सेविका मुलांच्या डोक्याचा वास घेते. आरोग्याच्या दृष्टीने अयोग्य.' आपांनी तो शेरा अक्षर अक्षर लावून वाचला आणि म्हणाल्या, "थर्मामीटर फुटलंय बाई. नवं आलं की हुंगणं बंद करते." ते नवं थर्मामीटर शेवटपर्यंत काही आलं नाही.

तेव्हा आमच्या शहराला औरंगाबाद म्हणत. औरंगपुऱ्याच्या मागे, एका बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीच्या खोलीत हे पाळणाघर चालायचं. चालवायची एक संस्था, अनुदान सरकारचं आणि तपासायला मी. शहरातली आणि आसपासच्या गावांतली मिळून दहा पाळणाघरं माझ्याकडे होती. योजना कागदावर सरळ होती. कमी उत्पन्नाच्या, कामावर जाणाऱ्या बाईचं मूल सहा वर्षांचं होईपर्यंत दिवसभर सांभाळायचं. त्याच्या खाण्याचे आणि सेविकेच्या मानधनाचे पैसे सरकार संस्थेला देणार. त्यासाठी दर महिन्याला आईने नोंदवहीत, आपल्या नावापुढच्या रकान्यात अंगठा उठवायचा, म्हणजे ती अजून कामावर आहे हे सिद्ध. अंगठा नसेल तर मुलाचं नाव कमी. मंडईत भाजी विकणाऱ्या, बांधकामावर घमेली उचलणाऱ्या, घरोघर भांडी घासणाऱ्या बायकांना हे सगळं समजावून सांगणं मला कधी जमलं नाही. आपा एका वाक्यात सांगायच्या. "सरकार खिचडी देतंय, मी मांडी देते. तुमी फकत अंगठा द्या."

आपा उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या. मराठी त्या दुकानांच्या पाट्या वाचून शिकल्या आणि पुढे ही वही लिहायची म्हणून त्यांनी अक्षर घोटलं. त्यांची वेलांटी नेहमी अक्षरापासून जरा लांब पडायची. पण वही अशी चोख की मला चूक शोधून सापडायची नाही, आणि चूक सापडली नाही की मी जरा नाराजच व्हायचे. त्यांचे यजमान रिक्षा चालवायचे. तिन्ही मुलं मोठी होऊन आपापल्या मार्गाला लागलेली. मानधन सहा सहा महिने यायचं नाही. मी संकोचून म्हणायचे की आपा, वर लिहिलंय मी. त्या म्हणायच्या, "हौ, लिव्हलंय ना, मग येतंय. पोरांना म्हाईत नाय ना मानधन नाय आलं ते. त्यांना बारा वाजता भूकच लागती."

त्यांचा एक नियम होता. मूल आत आलं की आईने मागे वळून बघायचं नाही. एखादी वळलीच तर आपा दारातून ओरडायच्या, "जाव, जाव, काम बघ. ते रडंल आन गप बसंल. तू रडलीस तर दिवसभर रडशील." रडणाऱ्या मुलाची त्यांना कधी काळजी नसायची. कोपऱ्यात गप बसलेल्या मुलाकडे मात्र त्या चार वेळा जायच्या, काही न बोलता त्याला मांडीवर घ्यायच्या आणि तसंच तांदूळ निवडायला लागायच्या. असं एक गप मूल म्हणजे रेणू.

रेणूची आई सुनीता बांधकामावर जायची. बाप रेणू रांगायला लागायच्या आधीच कुठेतरी निघून गेला होता. सुनीताची आई भागूबाई मंडईच्या तोंडाशी मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन बसायची. तिघी मिळून एका पत्र्याच्या खोलीत राहायच्या. रेणू चार वर्षांची असताना दिवाळीनंतरच्या तपासणीला गेले, तर वहीत सगळे अंगठे जागच्या जागी होते. मी सहज विचारलं, सुनीता बऱ्याच दिवसांत दिसली नाही. आपा माझ्यासाठी चहा गाळत होत्या. गाळणं कपावर तसंच धरून त्या हळूच म्हणाल्या, "ती नाय ऱ्हायली बाई. दिवाळीला भावाकडं करमाडला गेलती. ताप आला आन तिसऱ्या दिवशी गेली."

मी वहीकडे बघितलं. सुनीताच्या नावापुढे त्या महिन्याचा अंगठा होता. जरा रुंद, भेगाळलेला, म्हाताऱ्या बाईचा अंगठा. भागूबाईचा. मला लगेच कळलं आणि मला कळलंय हे आपांनाही कळलं. नियम असा होता की पाळणाघर कामकरी आईच्या मुलासाठी. आई नाही म्हणजे कामकरी आई नाही, म्हणजे मूल योजनेत बसत नाही. आजी रोज मंडईत उन्हात बसते, तिच्याशिवाय त्या मुलीला कोणी नाही, हे खरं असलं तरी नमुन्यात आजीचा रकाना नव्हता. ज्या मुलीला पाळणाघराची सगळ्यात जास्त गरज, तिचंच नाव मी त्या दिवशी लाल शाईने खोडायचं होतं. रेणू भिंतीकडे तोंड करून झोपली होती. मी पानाखाली 'तपासले' लिहून सही केली. आपांनी चहाचा कप पुढे सरकवला. पुढचं दीड वर्ष मी दर महिन्याला त्या अंगठ्याखाली सही करत राहिले आणि आम्ही दोघी त्याबद्दल एक शब्द बोललो नाही. खरं सांगायचं तर मला स्वतःचं फार कौतुक वाटायचं. घरी जाताना लुनावर मी एखादं पुण्य करून आल्यासारखी बसायचे.

रेणूला सहा वर्षं पूर्ण झाली आणि तिचं नाव वयामुळे आपोआप कमी झालं. तोवर भागूबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. जुडी कुठली आणि पैसे कुठले हे तिला शेजारच्या बाईला विचारावं लागे. करमाडहून रेणूचा मामा तिला न्यायला आला. माणूस वाईट नव्हता, पण त्याचं बोलणं रोखठोक होतं. त्याच्या घरात दोन लहान मुलं होती, नवरा-बायको दोघंही रोजाने जायचे, रेणू त्या मुलांना सांभाळेल. आपा त्या दिवशी पहिल्यांदा चिडलेल्या दिसल्या. "सहा सालाची पोर दुसऱ्याची पोरं सांभाळनार? तिला दात पडायचेत अजून." मामा म्हणाला, मग तुम्ही खायला घाला. यावर आपांकडे उत्तर नव्हतं. त्यांच्या घरात आता सुना होत्या, नातवंडं होती, आणि रिक्षा एकच होती.

उत्तर माझ्याकडे होतं. ते द्यायला मी किती उतावीळ झाले होते ते आठवलं की आजही लाज वाटते. मी म्हटलं, बालसंगोपन योजना आहे ना. ज्या मुलाला सांभाळायला आईबाप नाहीत त्याला बालगृहात टाकण्याऐवजी नातेवाईक सांभाळत असतील, तर सरकार त्या घराला दरमहा मदत देतं. मूल घरात राहतं, शाळेत जातं. भागूबाईने अर्ज करायचा, मी भरून देते. मामाला मी तीन महिन्यांची मुदत मागितली. तो तयार झाला. गल्लीतल्या शाळेत रेणूचं नाव पहिलीत घातलं. अर्जाला मूल आणि पालक यांचा घरासमोर उभं राहून काढलेला फोटो लागतो. त्या दिवशी आपांनी रेणूच्या डोक्याला तेल लावून दोन वेण्या घातल्या आणि तिला पत्र्याच्या दारासमोर आजीचा हात धरून उभं केलं. फोटोत आजी भलतीकडेच बघते आहे.

राहिला मृत्यूचा दाखला. सुनीताचा मृत्यू करमाडला कोणी नोंदवलाच नव्हता. माणूस गेलं, त्याच संध्याकाळी उरकलं, दाखला लागतो हे कोणाच्या डोक्यात? दोन वर्षांनी नोंद करायची तर तहसीलची चौकशी लागते. चौकशी करणाऱ्या कारकुनाने त्याचं काम चोख केलं. सुनीताचा शहरातला काही सरकारी पुरावा आहे का म्हणून तो शोधत शोधत पाळणाघरापर्यंत आला आणि वही घेऊन गेला. महिन्याभराने अर्ज परत आला. त्यावर लिहिलं होतं: 'शासकीय अनुदानित पाळणाघराच्या नोंदीनुसार मुलीची माता कथित मृत्यूनंतर दीड वर्ष कामावर हजर दिसते. सबब माता हयात समजून अर्ज नामंजूर.'

तो कागद मी आपांना वाचून दाखवला. दुपारची वेळ होती, मुलं झोपली होती. त्यांनी मला 'सबब' पासून पुन्हा वाचायला लावलं. मग बराच वेळ त्या एका मुलाच्या अंगावरची माशी वारत बसल्या.

"म्हंजी सुनीताला मीच जित्ती ठिवली," त्या म्हणाल्या. "आता मलाच मारायला पायजे."

मला त्यांचं म्हणणं कळलं होतं, तरी मी म्हटलं की दुसरा काही मार्ग बघू. दुसरा मार्ग नव्हता. मामा पुढच्या बाजारच्या दिवशी येणार होता. आपा उठल्या, नव्या वहीच्या मागचे दोन कोरे कागद काढले आणि माझ्यासमोर ठेवले. म्हणाल्या, "माझं अक्षर चांगलं नाय. तुमी लिवा, मी सांगते."

मी लिहायला बसले. त्या सांगत गेल्या आणि मी त्यांचं बोलणं सरकारी मराठीत उतरवत गेले. सुनीता अमुक दिवाळीला मयत झाली हे मला माहीत होते. तरीही मुलीचे नाव कमी होऊ नये म्हणून मी तिच्या आजीचा अंगठा आईच्या रकान्यात घेतला. ही चूक माझी आहे, आजी अडाणी आहे, तिला समज नव्हती. इथपर्यंत आल्यावर माझा हात थांबला. त्या प्रत्येक अंगठ्याखाली माझी सही होती. घरात माझ्या पगारावर चूल पेटत होती, मुलगी बारावीला होती. मी मान वर केली नाही. आपा काय म्हणतात याची वाट बघत राहिले. त्यांनी नुसतं एवढं म्हणायला हवं होतं की पुढचं तुम्हीच ठरवा, बाई. माझ्याकडून काय झालं असतं, मला माहीत नाही.

"तुमचं नाव नक्को," आपा म्हणाल्या. "असं लिवा. पर्यवेक्षिका बाई महिन्याला येतात, सही करतात. वाचीत नाहीत."

जी बाई वेलांटीसुद्धा तपासायची, तिने स्वतःच्या हाताने लिहिलं की ती वाचत नाही. मी एकदाही नको म्हटलं नाही. आपांनी कागद घेतला, बोट ठेवून सगळा वाचला आणि सही केली. त्या एरवी उर्दूत सही करायच्या. त्या दिवशी मराठीत केली, म्हणाल्या, कोणाला वाचायला अडचण नको.

चौकशीला आम्हा दोघींना साहेबांसमोर उभं केलं. साहेबांनी मला विचारलं, हे तुम्हाला माहीत होतं का? मी नाही म्हटलं. आपा शेजारी उभ्या होत्या आणि मी नाही म्हणाले तेव्हा त्यांनी मान हलवली, शिक्षिकेने बरोबर उत्तराला हलवावी तशी. मला निष्काळजीपणाबद्दल लेखी ताकीद मिळाली. आपांना कामावरून कमी केलं. खोटी नोंद सापडल्यामुळे पाळणाघराचं अनुदान थांबलं आणि संस्थेने ते पुन्हा सुरू करण्यात रस दाखवला नाही. रेणूचा अर्ज मात्र त्या जबाबावर मंजूर झाला. ती आजीकडेच राहिली. मामा एकदा येऊन वही-पेन्सिल देऊन गेला.

शेवटच्या दिवशी मी सामानाची यादी करायला गेले होते. दोन पातेली, पंचवीस ताटल्या, चार सतरंज्या. संध्याकाळी आया येत होत्या आणि आपा एकेक मूल हातात देताना सांगत होत्या. हा उजव्या कुशीवरच झोपतो. हिला खिचडीत वरून पाणी लागतं. याला एकटं नका ठेवू, हा रडत नाय, त्याच्यानं कळत नाय. दुसऱ्या दिवसापासून ती मुलं कुठे ठेवायची हे त्या बायकांपैकी कोणालाच माहीत नव्हतं. एकदोघी मुलांना बांधकामावर घेऊन जायला लागल्या. मंडईत हातगाडीखाली पोत्यावर झोपलेलं एक मूल मी नंतर कितीतरी दिवस बघत होते. त्या संध्याकाळी मात्र एक बाई गल्लीच्या टोकाला थांबून मागे वळली आणि आपा तिला ओरडल्या नाहीत.

त्यानंतर आपा घरी फॉल-पिको करायच्या. मी सुरुवातीला जायचे, मग जाणं कमी झालं. त्यांनी कधी तोंडातून ब्र काढला नाही, उलट मी गेले की सुनेला चहा टाकायला सांगायच्या आणि सगळ्या पाळणाघरांची नावं घेऊन चौकशी करायच्या. तेच मला सोसायचं नाही. रेणू दहावी झाली, मग एका औषधांच्या दुकानात कामाला लागली. भागूबाई त्याआधीच गेली होती. मी निवृत्त व्हायच्या सुमारास एका दुपारी रेणू माझ्या कार्यालयात आली. म्हणाली, "आपा लई आजारी हायेत. तुमची आठवण काढतात."

मी गेले. आपा पलंगावर होत्या, हात अगदी काडीसारखे झालेले. मी ठरवून गेले होते की आज बोलायचंच. म्हटलं, "आपा, त्या दिवशी साहेबांसमोर मी नाही म्हणाले."

"मंग? हौ म्हनायचं व्हतं?" त्या हसल्या. दम लागत होता, थांबून थांबून बोलत होत्या. "मी हिसाब केलता बाई. मी गेले तर एक पाळणाघर जातंय. तुमी गेल्या तर धा जातील. तुमच्या जागी कोन आला असता? रकाना बघनारा. तुमी वाचल्या म्हून तिथल्या पोरांची नावं वाचली. मला म्हाईत हाय ना. तुमी बघून सही करता."

मी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "हो, आपा."

त्यांना बरं वाटलं असावं. डोळे मिटून पडल्या. पाचव्या दिवशी त्या गेल्या.

मी त्यांना सांगायला हवं होतं ते इतकंच. त्या ताकिदीनंतर मी घाबरले होते. आईला समोर उभी करून खात्री केल्याशिवाय मी पुन्हा एकही अंगठा सोडला नाही. ज्या मुलांची आई आजारी पडली, निघून गेली, मेली, त्यांची नावं मी नियमाप्रमाणे कमी केली. चौकशी झाल्याच्या दुसऱ्याच वर्षी दौलताबादच्या बाजूच्या पाळणाघरात खडी फोडणारी एक बाई गेली. तिथल्या सेविकेने तिच्या जागी त्या बाईच्या मोठ्या बहिणीचा अंगठा घेतला होता. तिने माझ्याकडे बघितलं, चहाचा कप पुढे केला. मी चहा घेतला नाही. लाल शाईने रेघ ओढली आणि खाली सही केली. मुलाचं नाव योगेश होतं, वय साडेतीन. त्याचं पुढे काय झालं मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही.